मनोरा, माळा आणि आडोसा : नदीबेटावरील एका छोट्या वास्तूच्या टिपणाची चिकित्सा

वास्तुशास्त्राच्या अंतिम वर्षास असलेल्या एका विद्यार्थ्याने गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आठ पानांचे एक टिपण माझ्याकडे आणून दिले. विषय होता, गोव्यातील मांडवी नदीत चोडण बेटाच्या पश्चिम टोकाकडे एक छोटा निवारा व टेहळणी मनोरा. आराखडा परीक्षेपुरता होता, प्रत्यक्ष बांधावयाचा नव्हता. परंतु जागा खरी होती, आणि टिपणातील पाणी, चिखल व पक्षी हेही खरे होते. “शुद्धलेखन तेवढे पाहावे,” इतकीच त्याची अपेक्षा होती. ते पाहण्यास अर्धा तास पुरला. ऱ्हस्वदीर्घाच्या आठ-दहा चुका निघाल्या, त्या मी तांबड्या शाईने सुधारल्या. नंतर ध्यानात आले की, या टिपणातील खरे दोष जेथे तांबडी शाई लागली नाही तेथे आहेत; व्याकरणदृष्ट्या निर्दोष अशा वाक्यांत आहेत. भाषा सुधारून दिल्याने ते दोष अधिकच झाकले जाणार होते. म्हणून त्याच्या संमतीने त्या टिपणाची ही चिकित्सा लिहीत आहे. नाव द्यावयाचे नाही, असे उभयतांनी ठरविले आहे.

कविता किंवा कादंबरी यांची चिकित्सा आपण करतो. बांधकामाच्या टिपणाची करीत नाही. ते वाङ्मय नव्हे, असे गृहीत धरले जाते. पण जे अद्याप अस्तित्वात नाही ते शब्दांनी उभे करणे हे जर वाङ्मयाचे एक लक्षण असेल, तर आराखड्याचे टिपण त्यात बसावयास हरकत नाही. फरक इतकाच की, कवीच्या चुकीच्या शब्दावर कोणास चढून जावे लागत नाही.

प्रथम स्थळ. चोडण हे तिसवाडी तालुक्यातील बेट. या तालुक्याला पोर्तुगीज ‘इल्याश’, म्हणजे ‘बेटे’, असेच म्हणत. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडणास उतरता येते. बेटाच्या पश्चिम टोकास डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. त्यांचे निधन १९८७ साली झाले व १९८८ साली हे अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर. त्यातील बहुतेक जागा कांदळ, तिवर आदी खारफुटीच्या झाडांनी व्यापलेली आहे. भरतीच्या वेळी या झाडांची मुळे पाण्याखाली जातात, ओहोटीस ती चिखलासह उघडी पडतात. त्या चिखलावर निवट्या उड्या मारीत असतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे ती हालवून एकमेकांस खुणावीत असतात आणि त्यांच्यामागोमाग बगळे, तुतारी, खंड्या हे येतात. या मजकुराच्या दृष्टीने इतके पुरे. टिपण वाचल्यावर मी स्वतः तेथे एक ओहोटी उभा राहून पाहिली. गुडघ्याइतका चिखल आणि डास यांचा अनुभव टिपणात कोठेही आलेला नव्हता, हेही नमूद करावयास हवे.

आता टिपणाचे पहिले वाक्य : “बेटावर सुमारे बारा मीटर उंचीचा टेहळणी मनोरा उभारण्यात येईल व त्याच्या तळमजल्यावर पर्यटकांसाठी निवारा उपलब्ध करून देण्यात येईल.” असे वाक्य आपण रोज वाचतो आणि त्यात काही खटकत नाही. तथापि त्यातील ‘बेटावर’, ‘टेहळणी’, ‘मनोरा’, ‘निवारा’ आणि ‘उभारण्यात येईल’ या पाचही ठिकाणी लेखकाने विचार करण्याऐवजी भाषेने आयते हाती दिलेले उचलले आहे.

‘बेट’ या शब्दापासून आरंभ करू. संस्कृतातील ‘द्वीप’ हा शब्द पाण्याच्या बाजूने बनलेला आहे. ‘द्वि’, ‘अंतर्’ किंवा उपसर्ग यांच्यापुढे आलेल्या ‘अप्’ शब्दातील ‘अ’चा ‘ई’ होतो, असे पाणिनी सांगतो. त्याच नियमाने द्वीप, अंतरीप, समीप हे शब्द सिद्ध होतात. ज्याच्या दोन्ही अंगांस पाणी ते द्वीप. आपण रोज ‘समीप’ म्हणतो त्यातही मुळात पाणीच आहे. अमरकोशात द्वीप आणि अंतरीप हे पर्याय म्हणून येतात, आणि पाण्यातून वर आलेल्या वाळूच्या पुळणीला ‘पुलिन’ हे वेगळे नाव दिलेले आहे. म्हणजे नदीतील कायमची जमीन आणि नदीने तात्पुरती उघडी केलेली जमीन हा भेद त्या कोशकाराला महत्त्वाचा वाटला होता. यमुनेच्या द्वीपावर जन्मला म्हणून व्यास ‘द्वैपायन’ झाला. स्थळ माणसाच्या नावात गेले. ‘दीव’ या नावातही ‘द्वीप’च आहे. गोव्यात बेटाला ‘जुवें’ हा कोंकणी शब्द आहे, आणि राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचे एक लहानसे गाव बेटावरच वसलेले आहे. ‘जुवें’ची व्युत्पत्ती ‘द्वीप’पासून लावण्याचा मोह होतो. परंतु संस्कृत ‘द्व’चा मराठी-कोंकणीत ‘ब’ किंवा ‘द’ होतो (द्वादश – बारा, द्वौ – दोन), आणि ‘ज’ येतो तो ‘द्य’चा (द्यूत – जुवा). मोहाच्या या वाटेने जाऊ नये, हे बरे.

मराठी ‘बेट’ मात्र पाण्याच्या बाजूने बनलेला वाटत नाही. नदीतील बेट हे बेट, आणि बांबूचे बेट हेही बेट. दोहोंत समान काय? भोवतालच्या मोकळेपणात दाटलेला, स्वतंत्र उठून दिसणारा एक पुंजका. संस्कृत शब्द भोवतालचे पाणी पाहतो, मराठी शब्द मधला पुंजका पाहतो. आणि येथेच एक बारीक गोष्ट आहे, जी मराठी बोलणारा प्रत्येक जण जाणतो पण बोलून दाखवीत नाही. नदीतल्या बेट‘आवर’ आपण राहतो, बांबूच्या बेट‘आत’ शिरतो. ‘अंदमान बेटांत’ असे आपण म्हणतो खरे, पण तेथे अनेकवचन आहे, समूह आहे. एकट्या बेटावर माणूस ‘वर’च असतो. संस्कृत सप्तमीला हा भेद करावा लागत नाही. तिळातले तेल आणि चटईवर बसलेला माणूस या दोघांचे अधिकरण ती एकाच विभक्तीने दाखविते. टीकाकारांना मग अधिकरणाचे प्रकार सांगत बसावे लागते. मराठीने तो भेद शब्दयोगी अव्ययातच करून ठेवला आहे.

आता चोडणच्या पश्चिम टोकाकडे वळू. ती जागा एकाच वेळी दोन्ही अर्थांनी बेट आहे. नदीतील बेट तर आहेच, पण खारफुटीची दाटी हेही एक बेट आहे. प्रश्न असा की, आपली वास्तू त्या बेटा‘वर’ असावी की बेटा‘त’? टिपणात पहिल्याच शब्दाने ‘बेटावर’ म्हटले आणि हा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच निकालात निघाला. पुढील बारा मीटर हे त्या ‘वर’चेच वाढलेले रूप आहे. विद्यार्थ्याचे समर्थन असे, की झाडांच्या शेंड्यांच्या वर गेल्याखेरीज काही दिसणार नाही. परंतु शेंड्यांच्या वर गेल्यावर काय दिसते? शेंडे दिसतात. चिखलावरचे पक्षी, खेकडे, निवट्या हे सारे त्या पानांच्या खाली आहे. सायंकाळी बगळे वस्तीला येतात ते शेंड्यांवर येतात, हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठी उंचीचा उपयोग आहे. पण ते पाहावयाचे तर नदीच्या अंगाने, पाण्यावरून पाहणे सोपे. झाडांच्या मधोमध उंच उभे राहून नव्हे.

‘मनोरा’ या शब्दाविषयी लिहिताना मला प्रथम एक कबुली द्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी एका परिभाषा-समितीत मी सदस्य होतो. इंग्रजी शब्दांची यादी समोर होती, दिवस संपत आला होता आणि चहा थंड झाला होता. पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या उंच वास्तूला ‘निरीक्षण-मनोरा’ असा प्रतिशब्द मीच सुचविला व तो एकमताने संमत झाला. त्या वेळी मी अर्थाला अर्थ जोडला. वस्तू डोळ्यांपुढे आणली नाही. विद्यार्थ्याच्या टिपणात तो शब्द आला त्यात माझाही वाटा असू शकेल.

‘मनोरा’ आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ ‘मनारा’, त्याचा धातू प्रकाशाचा, ‘नूर’ या शब्दात आहे तोच. जेथे प्रकाश ठेवला जातो ते स्थान, म्हणून दीपस्तंभालाही अरबीत तोच शब्द. म्हणजे मनोरा हा मुळात दिसण्यासाठी असतो, पाहण्यासाठी नव्हे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे मी विद्यार्थ्यांस दरवर्षी सांगतो आणि येथेही विसरलेलो नाही. परंतु या शब्दाच्या बाबतीत आजचा मराठी वापरही तेच सांगतो. ‘मनोऱ्यावरून दिसते’ हे आपण क्वचित म्हणतो. ‘मनोरा दिसतो’ हे नेहमी म्हणतो. दुरून दिसतो तो मनोरा.

दिसण्यासाठी बांधलेली नदीबेटावरील वास्तू कशी असते याचे एक उत्तम उदाहरण थेम्स नदीत, हेन्लीजवळ आहे. तेथील ‘टेंपल आयलंड’ या चिमुकल्या बेटावर जेम्स वायट या वास्तुविशारदाने १७७१ साली फॉली कोर्ट या हवेलीच्या मालकासाठी एक छोटे मंदिरवजा घर बांधले. नाव मासेमारीच्या विसाव्याचे. पण त्याची खरी जागा हवेलीच्या खिडकीतून पाहणाऱ्याच्या दृष्टिपथाच्या टोकाला ठरविलेली होती. तेथे बसून नदी पाहता येते, हा आनुषंगिक लाभ. नदीकडे पाहणाऱ्याला ते घर दिसावे, हा हेतू. आज हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतींचा आरंभ त्या बेटापाशी होतो. त्या वास्तूत दोष नाही. ज्यासाठी ती आहे ते ती चोख करते. पण चोडणच्या खारफुटीत तोच हेतू नेला तर पाहणारा प्रथम स्वतःच दिसू लागतो, आणि ज्यास पाहावयाचे ते उडून जाते.

मग शब्द कोणता घ्यावा? मराठीत पाहण्याची कामे अनेक आहेत व त्यांची नावे वेगळी आहेत. टेहळणी शत्रूची असते; गडाच्या टेहळणी-बुरुजावरून येणाऱ्या फौजेची धूळ पाहिली जाई. पहारा प्रहरांनी मोजला जातो. त्यात पाहण्यापेक्षा जागण्याला महत्त्व. राखण ही आपल्या वस्तूची, पिकाची, जित्राबाची. निरीक्षण ज्ञानासाठी. टिपणात ‘टेहळणी’ आले याचे कारण इतकेच की ‘मनोरा’ला ते विशेषण सवयीने चिकटते. पक्ष्यांनी आपले काय वाईट केले आहे?

देशावर जोंधळा हुरड्यात आला की शेतात चार खांबांवर माळा उभारतात. त्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलावयाची. हा माळा लहान असतो, तात्पुरता असतो, ज्याच्या शेतात तो असतो त्यानेच बांधलेला असतो आणि हंगाम संपला की त्याचे लाकूड घरी जाते. मला प्रथम वाटले, हाच शब्द, हीच वस्तू. विद्यार्थ्यास मी तसे उत्साहाने सांगितलेही. घरी आल्यावर चूक ध्यानी आली. माळ्यावरचा राखणदार पाखरांना दिसावा व ऐकू यावा, यासाठीच तर तेथे असतो. हाकारे, गोफण, जवळच बुजगावणे, हे सारे दिसण्याचेच प्रकार. रचना माळ्याची घेतली तरी तिचा व्यवहार नेमका उलटा करावा लागेल. आणि रचनेबरोबर व्यवहारही जुळणारी वस्तू शोधली तर ती आहे मचाण. ‘मंच’ शब्दाचा हा वंशज शिकाऱ्याचा आहे. पानांनी झाकलेला, वाऱ्याची दिशा पाहून बांधलेला, ज्यावर बसणाऱ्याने खोकूही नये असा. अभयारण्यातील वास्तूचा खरा पूर्वज शिकाऱ्याची मचाण असावी, ही गोष्ट काहींना अडचणीची वाटेल. मला ती वाटत नाही. प्राण्याला आपण दिसू नये हे कौशल्य ज्याने हजारो वर्षे जोपासले त्याच्याकडून ते घ्यावे, आणि बंदूक तेवढी घेऊ नये.

आता ‘निवारा’. या शब्दातील क्रिया निवारण्याची आहे. काय निवारावयाचे हे सांगितल्याखेरीज निवारा पुरा होत नाही. त्याच्या शेजारी ‘आसरा’ आणि ‘आडोसा’ ठेवून पाहावे. आसरा ‘आश्रया’तून आला, त्यात आपण कशावर तरी विसंबतो. आडोशात ‘आड’ आहे. आपण कशाच्या तरी मागे होतो. पावसाने गाठले तर माणूस निवारा शोधतो, संकटाने गाठले तर आसरा, आणि वाऱ्यात दिवा किंवा विडी पेटवावयाची तर आडोसा. टिपणात तळमजल्याला चारी बाजू मोकळ्या ठेवून वर काँक्रीटचे छत दिले आहे व त्यास ‘निवारा’ म्हटले आहे. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीच्या मुखाशी तो उभा पडत नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. चारी बाजू उघड्या असलेले छत त्याचे काहीही निवारण करीत नाही. येथे नैर्ऋत्येस भिंत हवी. एकदा भिंत आली की तीच आडोसाही होते, आणि तिला डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट ठेवली की निवारा व निरीक्षण या दोन वास्तू राहात नाहीत. विद्यार्थ्याने मजल्यावर मजला चढवून जे साधू पाहिले ते एका भिंतीने साधले असते. टिपणात दोन नामे आणि मध्ये ‘व’ होते, म्हणून रेखाटनातही दोन मजले आणि मध्ये जिना आला. उभयान्वयी अव्ययाचा जिना होतो, हे मी प्रथमच पाहिले.

उंचीच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. “जमिनीपासून बारा मीटर.” कोणत्या जमिनीपासून? या ठिकाणी साधारण पंचवीस तासांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते, आणि उधाणाच्या दिवशी दोन्हींतील अंतर दोन मीटरांच्या घरात जाते. ज्यास सकाळी जमीन म्हणावे तेथून दुपारी होडी जाते. टिपणात ‘भरती’ हा शब्द दोनदा आहे आणि दोन्हीकडे एकवचनी, जणू भरती एकच असते. किनाऱ्यावरच्या माणसाजवळ अमावास्या-पौर्णिमेचे उधाण वेगळे असते आणि अष्टमीच्या सुमारास येणारा भांग वेगळा असतो. हे शब्द शब्दकोशात आहेत, टिपणात नाहीत. आणि ते टिपणात नसल्यामुळे उंची कोणत्या खुणेपासून मोजावयाची हा प्रश्नच आराखड्यात नाही. उधाणाच्या पाण्याच्या खुणेपासून मोजले तर खालचा चौथरा किती वर घ्यावा ते कळते, तेथवर पोचण्याची पायवाट दिवसातून किती वेळ पाण्याखाली राहील ते कळते, आणि पक्षी चिखलावर उतरण्याची वेळ तीच पायवाट कोरडी असण्याची वेळ आहे, हा सुदैवी योगही कळतो. पायाविषयी टिपणात एकच ओळ आहे. मऊ चिखलात सळईचे काँक्रीट, ऋतुमानाप्रमाणे खारे आणि गोडे होणारे पाणी. क्षारांमुळे सळई गंजून फुगते व काँक्रीट तडकते, हे त्याच्या शिक्षकांनी त्यास शिकविलेच असणार. त्याविषयी मी अधिकार सांगत नाही.

चोडणच्या लोकांनी मात्र या पाण्याशी शतकानुशतके व्यवहार केला आहे. खाजण जमिनीभोवतीचे बांध चिखल, दगड, गवत यांनी बांधलेले असतात, आणि त्यांत ‘मानस’ नावाची लाकडी दारे बसविलेली असतात. भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. टिपणाच्या सहाव्या पानावर “स्थानिक वास्तुशैलीचा आदर राखण्यात येईल” असे वाक्य आहे आणि त्याखाली नक्षीच्या खिडकीचे चित्र आहे. बांध आणि मानस यांचे नाव नाही.

हे ‘राखण्यात येईल’ काही किरकोळ नव्हे. आठ पानांत ‘-ण्यात येईल’ हा प्रयोग एकेचाळीस वेळा आला आहे, मी मोजला. या प्रयोगाने मराठीत कर्ता सांगण्याची जबाबदारी टळते. ‘रामाने घर बांधले’ यात राम आहे. ‘घर बांधण्यात आले’ यात कोणीही नाही, आणि कोणी विचारीतही नाही. कचेरीच्या भाषेतून हा प्रयोग वृत्तपत्रात व तेथून विद्यार्थ्यांच्या लेखनात उतरला. त्याला नुसते ‘रुक्ष’ म्हणून सोडून देता येत नाही. “छताची वेळोवेळी दुरुस्ती करण्यात येईल.” कोण करील? फेरीबोटीने येईल की होडीने? उधाणाच्या दिवशी येईल काय? हे विचारताच छत कोणत्या वस्तूचे असावे याचे उत्तर बदलू लागते. कर्त्यावाचून आराखडा करता येतो, कारण कागदावर पाऊस पडत नाही.

या संदर्भात मला एका जुन्या आराखड्याची आठवण झाली. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात, पंधराव्या सर्गात, पंचवटीच्या पर्णशालेची कथा आहे. ती वास्तू बेटावरची नाही; गोदावरीच्या काठची आहे. परंतु नदीजवळचा छोटा आसरा कसा योजावा व त्याविषयी कसे बोलावे, याचा इतका नेटका पाठ मला दुसरा ठाऊक नाही. राम लक्ष्मणास जागा शोधावयास सांगतो. निकष तीन : सीतेला, तुला आणि मला तेथे बरे वाटावे, पाणी जवळ असावे, समिधा, फुले, दर्भ हाताशी असावेत. लक्ष्मण हात जोडून म्हणतो की, मी तुझ्या अधीन आहे, जागा तूच दाखव. मग राम त्याचा हात हातात घेऊन एक सपाट जागा दाखवितो. तेथून काय काय दिसते ते तो सांगतो : नदी, तिच्यावरचे हंस आणि चक्रवाक, मृगांचे कळप, मोरांच्या केकांनी भरलेले उंच डोंगर. आणि अंतर सांगताना फार लांब नाही आणि अगदी लगतही नाही, असे म्हणतो. आसऱ्याच्या जागेच्या निवडीतच तेथून काय दिसेल याचा विचार आलेला आहे. त्यासाठी निराळा मजला लागलेला नाही.

त्यानंतर लक्ष्मण बांधतो. ते वर्णन दोन-अडीच श्लोकांत आटोपते. मातीच्या भिंती, बळकट खांब, लांब बांबूंचे वासे, त्यांवर शमीच्या फांद्या, घट्ट बांधलेल्या गाठी, कुश-काश-शर यांची व पानांची शाकारणी, सपाट केलेली भुई. बहुतांशी बांधण्याच्याच क्रमाने विशेषणे येतात. भुई तेवढी शेवटी आली आहे. (बांबूसाठी कवीने ‘मस्कर’ हा शब्द योजला आहे. ज्या शब्दासाठी पाणिनीने संन्याशाच्या ‘मस्करिन्’बरोबर एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले तोच हा. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास त्या अरण्यात तो भेटला की ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद होतो.) माप एकही नाही, पण द्रव्य प्रत्येक आहे, आणि क्रियापद कर्तरी आहे. लक्ष्मणाने केले. करून झाल्यावर तो नदीवर गेला, न्हाला, कमळे व फळे घेऊन आला, आणि घर रामास दाखविले. रामाने त्यास आलिंगन दिले व जे म्हटले त्याचा सारांश असा की, तू माझ्या मनातले जाणलेस. वास्तूच्या परीक्षणाचे याहून उंच माप कोणते असेल मला ठाऊक नाही. विद्यापीठाच्या गुणपत्रकात त्यास रकाना नाही, इतके खरे.

काव्यातील पर्णशाला आणि आजचा आराखडा यांची तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. पर्णशालेत तिघेच राहावयाचे होते. अभयारण्यात रविवारी तीनशे लोक येतात. आक्षेप रास्त आहे. पण त्याने प्रश्न अधिक कठीण होतो, सैल होत नाही. तीनशे माणसे बारा मीटर उंचीवर चढविणे हा उपाय की आठ-आठ जणांनी आडोशामागे बसणे, हे ठरविण्यासाठी तरी प्रथम पाहावयाचे काय आहे ते ठरले पाहिजे.

“सर, म्हणजे तेथे काही बांधूच नये काय?” विद्यार्थ्याने विचारले. मी त्यास रंगनतिट्टूचे उदाहरण दिले. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीवर सतराव्या शतकात घातलेल्या बंधाऱ्यामुळे काही चिमुकली बेटे निर्माण झाली. तेथे पाणपक्षी घरटी करतात. सलीम अली यांच्या सांगण्यावरून म्हैसूरच्या राजांनी १९४० साली ते ठिकाण अभयारण्य म्हणून घोषित केले. तेथे माणसाची जागा होडीत आणि काठावर आहे, बेटे पक्ष्यांची. म्हणजे काही बेटांवर चांगला आराखडा हा बेटावर नसलेला आराखडा असतो. परंतु चोडण तसे नाही. तेथे गाव आहे, शेती आहे, बांध आहेत. माणूस तेथे पाहुणा नव्हे. शिवाय किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने खारफुटीतही निसर्गपर्यटनासाठी पायवाट, झाडावरील खोपटे अशा गोष्टींना, संमत आराखड्यात त्यांची नोंद असल्यास, मर्यादित वाव ठेवला आहे. म्हणून बांधू नये, असे मी म्हणत नाही. मनोरा बांधू नये, असे म्हणतो.

आणि आता टिपणाच्या बाजूने एक गोष्ट. ती मूळ मजकुरात नव्हती. दुसऱ्या रेखाटनाच्या समासात, पेन्सिलीने, बहुधा जागेवर बसून लिहिलेली एक ओळ होती : “ओहोटीला इथे पाखरं उतरतात, म्हणून खिडकी इकडे.” स्वच्छ प्रत करताना ती गळली, बोली भाषा टिपणात कशी चालेल, असे त्यास वाटले. आठ पानांत जे नाही ते या एका ओळीत आहे. वेळ आहे, जागा आहे, पाहावयाचे काय ते आहे आणि ‘म्हणून’ आहे. या मुलाला पाहता येते. प्रमाण भाषेत लिहावयास बसला की मात्र पाहिलेले बाजूला ठेवून ऐकलेले लिहावे लागते, अशी त्याची समजूत झालेली आहे. ही समजूत त्याने घरून आणलेली नाही. ती आपण, म्हणजे भाषा शिकविणाऱ्यांनी, त्यास दिली. शुद्ध भाषा आणि खरी भाषा यांत निवड करावयाची वेळ आली की शुद्ध भाषेलाच गुण मिळतात, हे त्याने बारा-पंधरा वर्षे अनुभवले आहे. मीही ते तांबड्या शाईने अर्धा तास करीत होतो.

त्याने टिपण पुन्हा लिहिले आहे. शीर्षकात ‘आडोसा’ हा शब्द घातला आहे. बारा मीटरांचे आता साडेतीन झाले असून ते उधाणाच्या खुणेपासून मोजलेले आहेत. जागा खारफुटीच्या मधून बांधाच्या कडेला सरकली आहे. नैर्ऋत्येस जांभ्याची भिंत, ईशान्येस आडवी फट, आत आठ माणसांचा कट्टा. ‘-ण्यात येईल’ चार ठिकाणी उरले आहे. छपराविषयी मात्र आमचे एकमत झालेले नाही. तो मंगलोरी कौले म्हणतो, मी माडाच्या विणलेल्या झावळ्या म्हणतो. त्याचे म्हणणे, झावळ्यांची शाकारणी दरवर्षी पावसाआधी बदलावी लागेल, आणि ती कोण बदलील ते टिपणात लिहावे लागेल. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा चोडणास जाणार आहे, बांधाची निगा राखणाऱ्यांना विचारावयास.